गाव नावाचा रकाना

जळगावच्या एमआयडीसीत, दालमिलच्या वजनकाट्यावर
मी अठरा वर्षं बसतोय.
रजिस्टरात सहा रकाने:
तारीख, गाडी नंबर, माल, वजन, ओलावा, गाव.

गावाच्या रकान्यात मी लिहायचो
वडजी, बहाळ, शिरसमणी,
आणि गाव लिहिलं की माती कळायची.
शिरसमणीची तूर लालसर, गिरणाकाठची टपोरी,
बहाळच्या मालात खडा असणार म्हणजे असणार.

परवा लिहिलं, नाकाला.
त्याआधी बेइरा, मटवारा.
स्पेलिंग पोत्यावर बघून.
ड्रायव्हरला विचारलं, गाव कोणतं रे?
तो म्हणाला, न्हावाशेवा.
पलीकडचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

कुठंतरी गार हॉलमध्ये दोन झेंडे, दोन पेनं,
आणि जकात शून्य.
आम्हाला ते कळलं एवढंच, की
आखाडात कुलूप लागणाऱ्या मिलला
त्या साली कुलूप लागलंच नाही.

सुपडाबाई चाळणीशी बसते.
आधीची तीन लेकरं गेली
म्हणून हिला जन्मताच सुपात घालून ओढली.
नाव तेच राहिलं, काम तेच मिळालं.
पूर्वी सात महिने हजेरी, आता बारा.
त्या पाच महिन्यांच्या पैशांवर
नात नर्सिंगला गेली.
हेही लिहायला हवं. याला रकाना नाही.

पहिल्या पोत्यातली मूठ घेऊन तिनं विचारलं होतं,
"हाई कोनता गावनी शे, भाऊ?"
मी पोत्यावरचं वाचून दाखवलं.
"तठे पानी पडस का?"
पडत असेल.
"मंग कोनी तरी निंदी व्हई."

पोत्यातून काय काय निघतं.
निळं बटण.
माशाचा वाळका काटा.
एकदा पिवळा मणी, कानातला की गळ्यातला,
तो तिनं पदराच्या गाठीत ठेवला.
"धुंडत व्हई ना कोनी," म्हणाली.

तिचा भाऊ हिलाल, शिरसमणीचा.
गेल्या वर्षी माघात तूर घेऊन आला,
छोटा हत्ती, सतरा कट्टे.
मी काटा केला. ओलावा अकरा. माल चोख.
शेठनी मोबाइल बघत भाव सांगितला,
सोमवारी जहाज लागतंय म्हणाले.
हिलालनं मान वळवून
अजिंठा रोडकडे पाहिलं,
जसं काही तिथूनच येणार होतं ते.

आत चाळणी थांबली नाही.
ती बाहेर आली नाही.
त्यानं, बहीण आहे का आत, हेही विचारलं नाही,
नुसता पावतीवर सही करताना
आतल्या आवाजाकडे कान देऊन होता.
माझ्या काट्याला आता पारडी नाहीत.
लाल आकडा उमटतो, स्थिर होतो, संपलं.

पावसाळ्यात त्यानं मका लावला,
सगळ्या पट्ट्यात, बांधापर्यंत.

या आखाजीला सुपडाबाई माहेरी गेली
तर पिशवीत मिलची पाच किलो डाळ.
आयुष्यभर जिथून तूर बांधून आणली
तिथं.
परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाला भाऊ?
"शिजाले येळ लागस म्हने."
मग चाळणी दोनदा हलवून,
"पन वरण दोन येळा मांगी लिधं."

मार्चअखेरीला नवं रजिस्टर छापायला टाकलं होतं.
शेठ म्हणाले होते, गावाच्या जागी देश टाका.
मी प्रेसवाल्याला जुनाच नमुना दिला.
विसरलो, असं सांगीन.

आज नवं पान उघडलंय, शाईला अजून वास आहे.
फाटकात कंटेनर उभा आहे, पोती दिसत नाहीत.
मी खिडकीतून मान काढतो
आणि ड्रायव्हरला विचारतो.